त्या गाडीला रंग लावू नका

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीवर आलेलं पानभर वाचलं, फोटोही एकूणएक झूम करून बघितले. गाड्या सुंदर होत्या यात वादच नाही. पण सगळ्या राजेरजवाड्यांच्या नाहीतर बड्या शेठलोकांच्या, सगळ्या आरशासारख्या चकचकीत, आणि लेखात दोन-तीनदा तेच कौतुक की बघा, काल शोरूममधून काढल्यासारखी दिसते. ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, माहीत आहे, कापायचं तर कापा, फक्त डिकीच्या झाकणाचा भाग तेवढा ठेवा, त्याच्यासाठीच सगळं लिहितेय.

मी मूळची कोल्हापूरची. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की दप्तर तिथंच टाकायचं आणि कामगारांच्या पायात पायात फिरायचं, त्यामुळं ग्रीस आणि कटिंग ऑइलचा वास मला अजून घरचा वाटतो. गेली चौदा वर्षं मी अमेरिकेत इंडियाना राज्यात आहे, मशीन टूल्सच्याच कामात. इंडियाना म्हटलं की लोकांना इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत आठवते, १९११ पासून चालू आहे ती, ट्रॅक अडीच मैलांचा, कधीकाळी तिथं ३२ लाख विटा अंथरल्या होत्या आणि आज त्यातला एक यार्डाचा पट्टा तेवढा फिनिश लाइनवर ठेवलाय. ते सगळं भव्य आहेच. पण इथं खरी रेसिंगची आवड गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर वाढली, पाव मैल, अर्धा मैल, अंड्याच्या आकाराचे, बरेचसे मातीचे. आपल्याकडं जत्रा असते तसा इथं काउंटी फेअर असतो, त्याच मैदानावर घोड्यांच्या शर्यतीचा जो गोल ट्रॅक असायचा त्याच्यावरच पुढं गाड्या धावायला लागल्या, शनिवारी रात्री दिवे लावून. विंचेस्टरच्या ट्रॅकची वळणं ३७ अंशात उभी आहेत, पायी चढायला गेलात तर हात टेकावे लागतात. अँडरसनला पाव मैलाच्या ट्रॅकवर १९४९ पासून ५०० फेऱ्यांची शर्यत होते, ३३ गाड्या एका वेळी त्या एवढ्याशा गोलात, आमच्या जत्रेतल्या मौत का कुआँची आठवण येते.

आणि या गाड्या कंपनीच्या नसायच्या, पोरं घरीच बनवायची. १९३२ ला फोर्डनं स्वस्तातल्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं, ६५ हॉर्सपॉवर, तेव्हा सामान्य माणसाच्या गाडीत हे कुणी दिलेलं नव्हतं. पुढं युद्ध झालं, पोरं १९४५ नंतर घरी परत आली, त्यातल्या कितीतरी जणांनी सैन्यात विमानं नाहीतर ट्रक दुरुस्त केलेले, हातात कसब होतं, आणि गावाच्या भंगारात ह्याच फोर्ड दहा-पंधरा वर्षं जुन्या होऊन पडलेल्या. मग काय, एक गाडी ओढून आणायची, मडगार्ड काढायचे, काचा काढायच्या, दारं वेल्ड करून टाकायची आणि शनिवारी ट्रॅकवर. १५ फेब्रुवारी १९४८ ला डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर नॅसकारची, म्हणजे असल्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, पहिली शर्यत झाली ती जिंकली रेड बायरननं, गाडी १९३९ ची फोर्ड, अटलांटाच्या एका गॅरेजात रेसिंगसाठी तयार केलेली, आणि बायरनचा डावा पाय युद्धात जायबंदी झालेला म्हणून त्या पायाची क्लचशी जोडणी करून घेतलेली. पुढचं वर्ष संपेपर्यंत हाच माणूस नॅसकारच्या मुख्य मालिकेचा पहिला चॅम्पियन झाला. मारिओ आंद्रेत्तीचं पण तेच, निर्वासित म्हणून १९५५ ला इटलीतून आलेली जुळी भावंडं, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात मातीचा ट्रॅक बघून वेडी झाली, १९४८ ची हडसन गाडी घेऊन घरच्या घरी रेसिंगची केली आणि वडिलांना न सांगता १९५९ ला उतरवली. त्याच मारिओनं १९६९ ला इंडियानापोलिस मारलं आणि १९७८ ला फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

आता आमच्या गाडीचं सांगते. अडीच वर्षांपूर्वी आम्ही गावाबाहेर एक जुनं शेतघर घेतलं, मालकीण ऐंशी पार केलेल्या, एकट्या, गुडघे थकले म्हणून गावात छोट्या घरात राहायला गेल्या. मी त्यांना आजीच म्हणते, त्यांनाही आता तो शब्द पाठ झालाय. घरामागं बार्न, म्हणजे गोठा, गवताची गंजी आणि अवजारांची खोली सगळं एका छपराखाली. आजी म्हणाल्या होत्या मागं थोडं भंगार आहे, तुमचंच समजा. पहिल्या हिवाळ्याआधी मी आणि नवरा गवताच्या पेंढ्या काढायला गेलो तर मागं ताडपत्री, ताडपत्रीखाली कुजकं कॅनव्हास, आणि त्याखाली एक गाडी. दिवे नाहीत, मडगार्ड नाहीत, काच एक नाही, आत एकच सीट, डोक्यावरून वाकवलेला पाइप. नवरा म्हणाला भंगारवाल्याला फोन करू. मी खाली बसले, टॉर्च मारला, आणि पाइपच्या टोकाला मला नळाचे आटे दिसले. म्हणजे कुणीतरी घरात बसवायचा पाण्याचा पाइप आणून वाकवून रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, केला होता आणि कापताना आट्यांचा तुकडा तसाच राहिला होता. आमच्या वर्कशॉपमध्ये हे मी शंभर वेळा बघितलंय, हाताशी जे आहे त्याचं काम करायचं. तिथंच ठरलं की ही गाडी कुठं जात नाही.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, लेथ सोडून दहा वर्षं झाली. मला म्हणाले फोन जवळ ने, अजून जवळ, आता सावकाश फिरव. चेसिसच्या जोडावर दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले हे गॅस वेल्डिंग आहे, आणि दोन वेगळ्या माणसांचं आहे, एकाचा हात शिकलेला आहे, त्याची रांग एकसारखी जाते, दुसरा घाबरून जास्त धातू ओततो. नंतर आजींना विचारलं तर खरंच, नवरा आणि भाऊ दोघांनी मिळून केलेली गाडी, नवरा शेतकी अवजारांच्या दुकानात वेल्डर होता आणि भाऊ नुकताच सैन्यातून आलेला.

मग मी वेडी झाल्यासारखी त्या गाडीच्या मागं लागले. बॉडी १९३६ च्या फोर्ड कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, निघाली, चेसिसवर डाव्या बाजूला ठोकलेला नंबर वायरब्रश न लावता नुसत्या रॉकेलनं पुसल्यावर दिसला, आधी तारा, मग १८, मग आकडे, शेवटी परत तारा, फोर्डची त्या काळातली पद्धत. पण इंजिन बॉडीबरोबरचं नाही. हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, एका बाजूला ते आवळायचे २४ स्टड आहेत, फोर्डच्या १९३६ च्या इंजिनाला २१ असायचे, आणि मागं गिअरबॉक्सच्या तोंडाशी ओतकामातच ५९ आकडा आहे, म्हणजे युद्ध संपल्यावरच्या दोन-तीन वर्षांतलं इंजिन. एवढ्यावरून कळतं की गाडी त्याच्या आधी तयार झालेली असूच शकत नाही, भले बॉडी कितीही जुनी असो. चाकं १९३६ चीच, पाच बोल्टांची पण बोल्ट सव्वादहा इंचाच्या मोठ्या वर्तुळावर, आणि गंमत म्हणजे हीच मांडणी अमेरिकेतल्या आजच्या कितीतरी रेसिंग गाड्यांत अजून चालते. पुढचं उजवं चाक मात्र वेगळं, मधल्या पत्र्यावर दुसऱ्या चाकाचा पत्रा कापून वेल्ड केलाय, कारण ट्रॅकवर फक्त डावीकडंच वळायचं असतं, सगळा भार त्या एका चाकावर येतो, साधं चाक फाटून जायचं. मागचं उजवं टायर घेरानं डाव्यापेक्षा मोठं, त्यामुळं गाडी आपली आपणच डावीकडं ओढते. सीट विमानातली, युद्धानंतर सैन्याचा माल स्वस्तात विकला गेला त्यातली, पट्टा पण तसाच खाकी जाड.

आणि रोलबारवर ड्रायव्हरच्या डोक्याजवळ कापडाची एक लांबट गादी बांधलेली आहे, रंग गेलाय पण जवळून बघितलं तर बारीक निळी फुलं दिसतात, आणि धावदोऱ्याचे टाके, आपल्या गोधडीला असतात तस्से. मला वाटलं पडद्याचं कापड असेल. आजींना फोटो दाखवला तर त्या हसल्या, म्हणाल्या ते मी शिवलं, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं आहे, तेव्हा खाद्य छापील सुती पोत्यांत यायचं आणि आम्ही बायका त्याचे फ्रॉक शिवायचो, आत जुन्या गादीचा कापूस भरला, कारण भाऊ पहिल्या शर्यतीतून कपाळाला टेंगूळ घेऊन आला होता. बाईमाणसाला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत, तेव्हा सोडत नसत, त्या पलीकडं फळीवर बसायच्या. पण त्यांचं काम गाडीत होतं, प्रत्येक शर्यतीत.

आता तो डिकीच्या झाकणाचा भाग. झाकणावर हातानं, ब्रशनं लिहिलेली अक्षरं होती, गावातल्या पेट्रोल पंपाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली लहान अक्षरांत चार नावं, ज्यांनी गाडी बनवली आणि शनिवारी ढकलली त्यांची. खालच्या कडेला गंज धरला होता, मला भीती वाटली की पुढच्या पावसाळी हवेत अक्षरांपर्यंत जाईल, म्हणून मी ते झाकण एका पत्रेकाम करणाऱ्या दुकानात दिलं. सांगितलं फक्त गंज थांबवा. तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही. चार दिवसांनी झाकण आलं ते वाळूचा मारा करून, चांदीसारखं पांढरं करून, वर राखाडी प्रायमर मारून. दुकानदार खूश होता, जादा पैसेही घेतले नाहीत, म्हणाला बघा नवीन झालं. मी गाडीत बसून रडले. त्याला रागावले नाही कारण त्यानं मनापासून चांगलंच करायचा प्रयत्न केला होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की चकचकीत म्हणजे चांगलं असं दर वेळी नसतं, आणि खरं तर कुणीच कुणाला सांगत नाही, तुमच्या त्या लेखातही तेच की नाही.

माझ्या फोनमध्ये त्या झाकणाचा एकच फोटो आहे, हललेला, माझ्याच टॉर्चची चकाकी आलेला. पंपाचं नाव वाचता येतं. चार नावांतली दोन आजींचा नवरा आणि भाऊ. तिसरं आजी कधी एक सांगतात कधी दुसरं. चौथं गेलं.

त्यानंतर मी कशालाही हात लावायच्या आधी आपल्याला काय माहीत नाही ते शिकले. इथं अमेरिकेतच आयोवा राज्यात नॉक्सव्हिलला स्प्रिंट कारचं, म्हणजे छोट्या ट्रॅकवरच्या उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्यांचं, आख्खं म्युझियम आहे १९९२ पासून, पेनसिल्व्हेनियात यॉर्क स्प्रिंग्जला जुन्या रेसिंग गाड्यांचं आहे, असल्या ठिकाणी गेलं की कळतं, जिथं मूळ रंग ठेवलाय त्या गाडीपुढं लोक जास्त वेळ थांबतात, वाकून बघतात. गाडी जशी सापडली तशी आधी फोटो काढायचे, धुळीसकट, जमिनीसकट. आजूबाजूची माती चाळायची, मी चाळली तर एक पिटचा बिल्ला, दोन स्पार्क प्लग आणि फडक्यात बांधलेलं कार्ब्युरेटरचं जेट मिळालं. रंगाला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, आधी लपलेल्या कोपऱ्यात बोळ्यानं करून बघायचं, मग वरून पातळ मेण. जुन्या रंगात शिसं असतं, १९७८ पर्यंत इथं घराच्या रंगातही असायचं आणि ही पोरं घराचाच रंग मारायची, म्हणून कोरडं घासायचं नाही कधीच. ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते ड्रम फुंकून साफ करायचे नाहीत.

बाजूच्या पत्र्यावर वर ९ आकडा आहे, पांढऱ्यावर काळा. तिरक्या उजेडात बघितलं तर त्याच्याखाली ६३ चा उठाव दिसतो. सगळे म्हणतात वरचा काढ, खालचा बघू. मी नाही काढत. ९ पण त्यांचाच आहे ६३ पण त्यांचाच. लायब्ररीत गावच्या जुन्या पेपरच्या मायक्रोफिल्म आहेत, तिथं सोमवारच्या अंकात शनिवारचे निकाल यायचे, मी तीन महिने दर बुधवारी जाऊन बसले. पण तिथंही सांभाळून राहावं लागतं, कारण एकाच हंगामात वेगवेगळ्या ट्रॅकवर ९ नंबरच्या चार गाड्या असायच्या, नुसत्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. शेवटी आजींच्या भाचीकडं एक फोटो निघाला, त्यात दाराच्या मागं पत्र्याला तीन भोकं आहेत, खालचं भोक थोडं पुढं, आणि आमच्या गाडीला ती तश्शीच आहेत. हे सगळं मी पत्रा घासून लांबी भरून रंग मारला असता तर कुठून कळलं असतं.

कागदपत्रं म्हणाल तर अशा गाडीला नसतातच, रस्त्यावर कधी आलीच नाही तर पासिंग कसलं. आजींनी हातानं एक विक्रीपत्र लिहून दिलं, त्यात गाडी कुणी बनवली, कुठं बनवली आणि कुणी चालवली ते चार ओळीत आहे, ते मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं आहे. अशा गाड्या राहिल्या का नाहीत तर शर्यतीत मोडली की तिचे पार्ट पुढच्या गाडीत, उरलेला सांगाडा शेताच्या ओघळीत माती वाहून जाऊ नये म्हणून टाकलेला, आणि ज्या बऱ्या राहिल्या त्या शौकीन लोकांनी परत रस्त्यावरच्या कूपे करून टाकल्या, पाइप कापून, दारं उघडून. त्यांना दोष नाही, गाडी त्यांची. पण जी आज अजून गवताखाली आहे ती तरी वाचू दे.

इंजिन जाम होतं. लोकांनी सांगितलं बॅटरी लाव, झटका दे, सुटेल. नाही दिला. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं, दर रविवारी थोडं थोडं, पुलीला हातानं जोर देऊन बघायचं. ह्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि धुराचा रस्ता पण ब्लॉकमधूनच जातो, म्हणून तापायचं फार, आणि दमट जागेत उभं राहिलं की व्हॉल्व्ह जागेवर धरतात, जोर लावला की वाकतात. सात महिने गेले. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी पाव इंच हललं. मी ओरडले तर घरातून नवरा बूट न घालता बर्फातून पळत आला. चालू करून ट्रॅकवर पळवायची नाहीये, तो पाण्याचा पाइप कुणाचा जीव वाचवणार नाही आज, टायर पण दगड झालेत. नुसतं फिरायला पाहिजे, बस.

बाबांनी आमच्या वर्कशॉपसाठी एक ड्रिल मशीन स्वतः बनवलं होतं, ओतकाम शेजारच्या फाउंड्रीतून, बाकी सगळं स्वतःच्या लेथवर, रंग घराच्या दाराला लावतात तो हिरवा. २००९ ला जागा सोडताना आम्ही ते किलोच्या भावानं दिलं. त्याचा एक फोटो नाही. बाबा त्याच्याबद्दल कधी बोलत नाहीत, पण ह्या गाडीचे जोड बघताना एकदा म्हणाले, माझ्या ड्रिलचा टेबल पण असाच जोडला होता.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी व्हिंटेजवर पान काढाल तेव्हा अर्धं पान अशा गोष्टींना द्या, उद्यमनगरात, इचलकरंजीत, सांगलीत, पिंपरी-चिंचवडच्या जुन्या शेडमध्ये हातानं बनवलेलं काय काय अजून उभं असेल, ते ज्यांनी बनवलं त्यांची नावं त्यांना स्वतःला सांगता येतायत तोवर छापा. आणि अमेरिकेत शेतघरं विकत घेणाऱ्या आपल्या लोकांना सांगते, बार्नमधलं भंगार उचलायला गाडी बोलवायच्या आधी पेंढ्यांच्या मागं एकदा बघा, आणि काही दिसलं तर पहिल्यांदा जुन्या मालकाला फोन करा, भंगारवाल्याला नंतर.

राखाडी प्रायमरचं झाकण मी गाडीला तसंच लावलंय, वर काही लिहिलेलं नाही. चौथं नाव मिळेपर्यंत लिहिणार पण नाही. बाबा मे महिन्यात येतायत, त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय की मी येईपर्यंत मागचा एक्सल उघडायचा नाही, आतले गिअर वेल्ड केलेत का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

कळावे,
आपली एक वाचक
मूळ कोल्हापूर, सध्या इंडियाना, अमेरिका